ठकूनं दंडावर आणलेली देवी

घाटात गाडीवाट झाली नव्हती आणि चूल पेटवायला शेजारणीकडून विस्तव मागून आणावा लागायचा, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या तळमाचीत ठकू नावाची बाई भावाच्या घरी राहायची. रानातले हिरडे वेचायचे आणि डोक्यावरून खाली बंदरावर नेऊन विकायचे, हे तिचं काम.

त्या काळी चार-पाच वर्षांनी गावात देवी यायच्या. ताप चढायचा, अंगभर फोड उठायचे, आणि घरटी एखादं लेकरू जायचंच. जी वाचली त्यांच्या तोंडावर वण राहायचे. तळमाचीत वण नसलेलं मोठं माणूस एकच, ठकू. तुम्हाला वाटेल, केवढी भाग्याची. गावाला तसं वाटत नव्हतं. देवी हिच्याकडे पाठ करून गेली, म्हणायचे. भावाची धाकटी लेक मंजुळी तिच्याकडे झेपावली की वहिनी, भागाबाई, मधे यायची. "वन्सं, पोरीला मांडीवर घेऊ नका. देवीनं ज्याला हात लावला नाही, त्याचा हात माझ्या लेकराला नको."

ठकू हात मागं घ्यायची.

एका चैत्रात बंदरावर तिनं ऐकलं, देवी खालच्या गावांतून घाटाकडे सरकतायत. तिथंच एक म्हातारा वैद्य बसला होता. एकाच्या दंडावरच्या फोडातलं पाणी काट्याच्या टोकावर घ्यायचा आणि दुसऱ्याच्या दंडाला टोचायचा. ज्याला टोचलं त्याला देवी येत नाहीत, म्हणत होते.

"थोडं शिंपलीत द्या बाबा," ठकू म्हणाली. "माझी भाची आहे. गावाची लेकरं आहेत."

"शिंपलीत वाळून जातं, बाई. ते जितं राहतं ते माणसाच्या दंडातच. आणि तो दंडही असा पाहिजे, ज्याला कधी देवी आल्या नाहीत. असं मोठं माणूस कुठून आणशील?"

ठकूनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तोंड उजेडात धरलं. वैद्यानं जवळ येऊन एखादा वण सापडतो का बघितलं.

त्यानं तिच्या डाव्या दंडाला टोचलं, काटा तिच्या हाती दिला आणि बजावलं, "आठव्या दिवशी फोड भरेल. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दुसऱ्यांना दे. नवव्या दिवशी त्यात काही राहत नाही."

ठकू निघाली. दोन खाड्या ओलांडल्या, मग रान लागलं. ताप आला तरी चालली. डावा हात उघडा, अंगापासून लांब धरलेला. खाज सुटली की उजवी मूठ दातांत धरायची. झोपायची ती बसूनच. वाटेतल्या जाळ्या तिच्यासाठी काटे मागं घ्यायच्या, असं म्हणतात.

आठव्या दिवशी ती घाटाच्या पायथ्याला आली. तिथं कातकऱ्यांची वाडी. तिची बातमी तिच्या आधीच पोचली होती. एक बाई तान्हं कडेवर घेऊन वाटेत उभी.

"माझ्या पोराला टोच."

"नको अडवूस, बये. एवढासा फोड. माझ्या गावात चाळीस लेकरं आहेत. उरलं नाही तर वर जाऊन सांगू काय?"

"तुझी चाळीस. माझं एकच." बाई बाजूला झाली. "जा. मी काही तुला धरून ठेवणार नाही."

वाट मोकळी झाली आणि ठकूचा पाय उचलेना. ती तिथंच खाली बसली. त्या तान्ह्याला टोचलं, मग वाडीतल्या सगळ्या अकरा पोरांना. उठली तेव्हा फोड पार बसला होता.

घाट ती रडतच चढली. दंडाकडे बघायचा धीर होईना. गावकरी चावडीपुढं जमले होते. भावानं तिचा हात धरून वर केला, तर फोड दवाच्या थेंबासारखा टच्च भरलेला, असं म्हणतात.

पण कुणी पुढं येईना. गुरव म्हणाला, "देवीला काट्यानं अंगात घ्यायची? कोप झाला तर भोगायचं कुणी?" दिवस कलत चालला. तेव्हा गर्दीतून भागाबाई आली. तिची दोन लेकरं देवींनी नेली होती, मंजुळी तिसरी. तिनं मंजुळीला उचलून ठकूच्या मांडीवर ठेवलं.

"वन्सं, आधी हिला."

"वहिनी, मी हिला घेऊ?"

"घ्या म्हणते ना. दिवस चाललाय."

मग एकेक करत सगळी लेकरं आली. चाळिसावं होईपर्यंत सूर्य डोंगराला टेकून थांबला होता, असं म्हणतात. शेवटच्याला टोचलं आणि ठकूचा डावा हात खाली आला, तो पुन्हा कधी वर गेला नाही. वाळल्या फांदीसारखा झाला. त्या वर्षी देवी पायथ्यापर्यंत आल्या आणि तिथूनच वळल्या.

म्हातारपणी तिला कुणी विचारायचं, "आत्या, वाडीत बसलीस तेव्हा गाव आठवलं नाही का गं?"

"आठवलं की. म्हणून तर रडत होते."

आता नर्सबाई लसीचा डबा खांद्याला लावून घाट चढून येते. बाया लेकरं घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलेल्या असतात, पण डबा उघडू देत नाहीत. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी आधी विचारते, "खालच्या वाडीचं झालं का?" एकदा एक नवीन नर्सबाई आली. घामाघूम झालेली. म्हणाली, "वाडीचं उद्या करते, आता वर आलेच आहे तर." कुणी भांडलं नाही. बायांनी तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, डबा आपल्या डोक्यावर घेतला, आणि तिच्याबरोबर घाट उतरून वाडीत गेल्या. तळमाचीची लेकरं त्या परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहिली.