कडू कुड्याची ठमा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते धामणवाडीत कुणाला विचारू नये. विचारलं तर जो तो आपल्या पणजीचं नाव सांगतो, आणि पणज्या काही कमी नाहीत.

तेव्हा वाडीत ठमा नावाची औषधवाली होती. तिनं उंबरा ओलांडला की ताप मागच्या दारानं पळायचा, असं म्हणतात. पण विद्या देताना तिच्या आज्यानं अट घातली होती. औषध द्यावं, झाडाचं नाव सांगू नये. नाव फुटलं की हाताचा गुण गेला. म्हणून ठमा एकटीच डोंगर चढायची, पाला पदराखाली झाकून आणायची आणि दार लावून कुटायची. वाडीला औषधाची माहिती होती ती एवढीच, की ते दाराआड धपधप वाजतं.

एका श्रावणात वाडीत हगवणीची साथ आली. नेमकी तेव्हाच ठमा निसरड्या वाटेवरून घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. डोंगर चढणं दूरच, तिला उठून बसवेना. इकडे घरोघरची पोरं सुकत चालली.

तिची सून साळू धीराची. सासूला कुड्याची साल काढताना तिनं एकदा लांबून पाहिलं होतं. सासूला काही न विचारता ती गेली, साल आणली, काढा करून घरोघर दिला. गुण येईना. साळूची तान्ही भिवरी तर मान टाकायला लागली. तेव्हा ठमानं उरलेली साल मागवून जिभेवर ठेवली. साल कडू नव्हती. डोंगरात कुडे दोन, पांढरा आणि काळा, सख्ख्या भावांसारखे दिसणारे. साळूनं काळा सोलून आणला होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिनं ओळखावं कसं? ठमाला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं स्वतःला डोलीत घालून डोंगराच्या पायथ्याशी न्यायला लावलं. सगळी वाडी मागोमाग आली. तिचा बेत कळल्यावर म्हातारा काशाबा आडवा आला.

"ठमे, गुण गेला तर उद्या आम्ही कुनाकडं जायचं?"

"माज्याकडं नका येऊ," ठमा म्हणाली. "डोंगराकडं जा."

आणि ती मोठ्यानं सांगू लागली. पांढरा कुडा कोणता, काळा कोणता. काळ्याच्या शेंगा टोकाला जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. साल जिभेवर ठेवावी, कडूजहर लागली तरच ती आपली. एकाच बाजूनं काढावी आणि जखमेला माती लिंपावी, म्हणजे झाड जगतं. मग अडुळसा, गुळवेल, मुरुडशेंग, सगळं सांगितलं. तिचा आवाज सात वाड्यांना ऐकू गेला, असं म्हणतात. तिचं बोलणं संपलं तेव्हा डोंगरावरच्या प्रत्येक पांढऱ्या कुड्यानं बहर सरलेला असताना पुन्हा फूल धरलं. आंधळ्यालाही वासावरून झाड सापडावं, असा दरवळ सुटला.

त्या दिवशी साळू पुन्हा साल घेऊन आली. तिसऱ्या दिवशी भिवरी दूध प्यायली आणि वाडीतली पोरं एकेक करून उठून बसली.

ठमाच्या हाताचा गुण मात्र खरंच गेला. पुढं तिनं कुटलेल्या औषधानं साधा खोकला हटेना. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिची मांडी साळूनं पाला बांधून बरी केली, आणि कसा बांधला हे तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आजही श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अख्खी धामणवाडी डोंगर चढते. एकेका झाडापाशी थांबून सगळे त्याचं नाव मोठ्यानं घेतात. तिथं कुजबुजायला बंदी आहे. वर्षाचं झालेल्या प्रत्येक लेकराच्या जिभेला कुड्याची ओली साल लावतात. लेकरू तोंड वेडंवाकडं करतं, भोकाड पसरतं आणि बायका हसून म्हणतात, "ठमानं सांगितलं बरं का याला."