शिदूची दवंडी आणि राजाचे हेर

चिंचगडच्या राजाने शिदूची जीभ छाटायचा हुकूम दिला, आणि खरं सांगायचं तर चूक शिदूचीच होती.

शिदू दर बाजारी हलगी वाजवून बातम्या सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, कुठला घाट खचला, सगळं. त्या दिवशी बोलण्याच्या भरात त्याने सांगून टाकलं, की देवळापाशी बसणारा नवा कासार राजाचा हेर आहे. महिनाभरात कासाराने एकीच्याही हातात धड बांगडी चढवली नव्हती. चार डझन फोडल्या, आणि ‘घरधनी राजाबद्दल काय बोलतो?’ हे मात्र प्रत्येकीला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून बायका त्याच्यापुढे हात धरून राजाची आरतीच गाऊ लागल्या. हेर कुचकामी झाला.

राजा हट्टी. हेराचं नाव जो उघड करील त्याची जीभ जाईल, हा कायदा त्याच्या आजोबांपासूनचा. शिदूची बायको हौसा हिने पदर पसरला, तेव्हा तो म्हणाला, “सुटलेला शब्द परत आण. येत्या बाजारी माझा हेर कोण, हे गावाला कळेनासं झालं तर जीभ राहील.”

दोन दिवस हौसाला काही उपाय सुचला नाही. शिदू बोलू लागला की ती त्याच्या तोंडाकडे बघत राही आणि तिला भरून येई. तिसऱ्या दिवशी तिची काळी शेळी धनगराच्या कळपात शिरली. हौसाने शोधशोध शोधली. सगळ्याच काळ्या, ओळखायची कुठली? तिथेच ती मटकन बसली आणि हसू लागली. मग उठून थेट वाड्यावर गेली. बाजारादिवशी शिदू काहीही बोलला तरी मावळतीपर्यंत त्याला कुणी धरू नये, एवढंच तिने मागितलं. राजाने कबूल केलं.

बाजार भरला. शिदूने हलगीवर थाप मारली आणि एका दमात सांगितलं, की तेली हेर आहे, न्हावी हेर आहे, सोनार, पुजारी, कोतवालाची सासूसुद्धा हेर आहे, आणि मीही हेरच आहे. न्हाव्याने हजामत अर्धी सोडून गिऱ्हाईकाकडे संशयाने पाहिलं. गिऱ्हाईकाने न्हाव्याकडे. सोनाराने तर त्या दिवशी तराजू सरळ धरला. संध्याकाळपर्यंत लोक म्हणू लागले, शिदूचं डोकं फिरलंय, कासाराचीही थापच असणार.

दुसऱ्या दिवशी भरल्या दरबारात राजाने दोघांना बोलावलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“कासार झाकला, हे कबूल. पण काल याने जी नावं घेतली त्यांत दोन खरोखरच माझे हेर आहेत. म्हणजे गुन्हा पुन्हा घडला!”

हौसाने हात जोडले. “कोणते दोन, महाराज?”

दरबाराने माना पुढे काढल्या. राजाने बोट उचललं, तोंड उघडलं.

“सांभाळून, महाराज,” हौसा हळूच म्हणाली. “जो नाव उघड करील, त्याची जीभ जाते.”

राजाचं बोट हवेतच राहिलं. उघडलेलं तोंड त्याने मिटलं, आणि मग जो हसत सुटला, तो सिंहासनावर आडवाच झाला. शिदूला माफी मिळाली, हौसाला नदीकाठचं शेत इनाम.

“बाई, तुला हेरखात्यातच घेतलं असतं,” डोळे पुसत राजा म्हणाला, “पण काय करू, घरात हा नवरा आहे!”