बरणीतला निळू

भांडी एकमेकांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. अंगणातल्या कट्ट्यावर एक काचेची बरणी होती. घरच्यांनी तिच्यात निळू नावाचा फायटर मासा सोडला. बरणीने जन्मभर लोणचंच सांभाळलेलं. जीव लावायचा तो असाच, हे तिला ठाऊक. "हलू नको रे बाळा, गप पडून राहा. मुरलास की बघ कसा छान होशील!"

निळूची शेपटी मिटली, रंग उतरला. बरणी कौतुकाने म्हणाली, "मुरतोय हो!"

शेजारच्या पाणी भरलेल्या दगडी डोणीला राहवेना. "मुरतोय कसला, बरणीबाई? जीव चाललाय त्याचा! वळायला तरी जागा आहे का? दे इकडे."

"मावतो की व्यवस्थित!" बरणी फणकारली. तेवढ्यात निळू श्वास घ्यायला वर निघाला आणि अर्ध्यावरूनच खाली गेला. बरणीने डोळे मिटले आणि ती डोणीत कलंडली.

निळू थोडा वेळ तसाच तरंगला. मग हळूहळू त्याने शेपटी पसरली, चांगली पदरासारखी. बरणी बघतच राहिली.

"अगंबाई! एवढं सगळं माझ्यात घडी घालून ठेवलं होतंस होय रे?"