थोरल्याच्या रेघा

फार पूर्वी एका डोंगरी राज्यात, राणीच्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी, फाल्गुन महिन्यात, शिशिर ऋतू सरता सरता, एका गावाचे इंजिन धापा टाकू लागले. नदीचे पाणी डोंगरावर चढवणारे ते एकमेव इंजिन होते. ते कायमचे बंद पडले, तर ऐन उन्हाळ्यात गावाला घरेदारे सोडून खाली उतरावे लागणार होते.

त्या गावात दोन भाऊ आपल्या छोट्या कारखान्यात यंत्रांची कामे करीत. थोरल्याचा हात सराईत होता; मात्र त्याची दृष्टी अधू होत चालली होती. धाकटा आजवर नळ आणि झडपा सांभाळी. इंजिनाच्या कामाला तो त्याच वर्षी बसला होता. नेटकेपणाचा तो मोठा भोक्ता, आणि थोरल्यावर त्याचा फार जीव.

थोरल्याने इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे बिडाचा मुख्य ठोकळा, उघडला. ज्या नळकांड्यात पिस्टन खालीवर धावतो, ते झिजून लंबगोल झाले होते. त्याने ते आतून कातून पुन्हा गोल केले. अखेरीस एक खरखरीत दगड आतून फिरवला, हात धुतले, आणि जेवून तो घटकाभर आडवा झाला.

धाकट्याने आत डोकावून पाहिले. नळकांड्याच्या बिडाच्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

‘दादांना आता दिसत नाही,’ तो मनाशी म्हणाला. ‘हे ओरखडे लोकांनी पाहिले तर?’

त्याने पॉलिश पेपर घेतला आणि थोरला उठण्यापूर्वी ती भिंत आरशासारखी गुळगुळीत केली. कोणाला काही सांगितले नाही.

पाडव्याला इंजिन सुरू झाले. परंतु लवकरच ते निळा धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले, आणि एका भर दुपारी जागीच जखडले.

गाव पारावर जमले. पाटील म्हणाले, “थोरले, आता हातात दगड नको, जपमाळ धरा!”

लोक हसले. धाकटा संतापला, पण चूक कोठे झाली, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

कारखान्यात थोरल्याने पुन्हा ब्लॉक उघडला आणि नळकांड्यात बोट फिरवले. करपलेल्या पट्ट्यांच्या मध्ये भिंत अजून गुळगुळीत होती.

“इथे माझ्या रेघा हव्या होत्या,” तो पुटपुटला.

धाकट्याने विचारले, “रेघा कशाला, दादा?”

“तेल धरायला. आरशावर तेल थांबेल का रे? निथळून जाते, मग लोखंड लोखंडाला खाते.” थोरला खाली बसला. “मला वाटले, मी रेघा ओढल्या. ओढल्याच नसणार. डोळे गेले ते गेले, आता आठवणही गेली. अक्षय्य तृतीयेला कारखान्याची किल्ली पाटलांच्या हवाली करतो.”

धाकट्याला अन्न गोड लागेना.

अक्षय्य तृतीयेला पारावर थोरल्याने किल्ली पुढे केली, तोच धाकटा उभा राहिला.

“किल्ली घेऊ नका, पाटील! दादांनी रेघा ओढल्या होत्या. मी त्या पुसल्या. मला ते ओरखडे वाटले.”

“अरे शहाण्या, मग जपमाळ तुलाच द्यायला हवी!” पाटील म्हणाले.

थोरल्याचा चेहरा उजळला. “म्हणजे मी विसरलो नव्हतो!” मग तो हळूच म्हणाला, “मला विचारले का नाहीस, बाळ?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाटलेही असते घडीभर. इतके दिवस मी स्वतःलाच ओळखेनासा झालो होतो, ते टळले असते.”

नळकांड्याची भिंत अजून पुरेशी जाड होती. थोरल्याने ती थोडी अधिक कातली आणि अखेरचा दगड धाकट्याच्या हाती दिला. धाकट्याने रेघा ओढल्या. थोरल्याने बोटाने तपासून मान हलवली. रुंदावलेल्या नळकांड्यात थोडा मोठा पिस्टन बसला, आणि त्याच अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी, दिवेलागणीपूर्वी, डोंगरावरच्या हौदात पाणी पडले.

मुलांनो आणि मोठ्यांनो, आपल्या माणसाची चूक मायेने झाकण्यापूर्वी ती खरोखरच चूक आहे का, हे त्यालाच विचारावे.