तळ्याच्या काठी कुणी ना राजा

फार पूर्वी, राजदरबारात कवीला सेनापतीच्या शेजारी बसवत, त्या काळातली ही गोष्ट.

एका गावात कोष्ट्याची एक मुलगी होती. तिचं नाव सगुणी. मागावर बसली की हातात धोटा चाले आणि ओठांवर गाणी येत. तिला शब्दांचा भारी नाद.

एकदा गावात राणीची दवंडी आली. "देशातल्या तरुण कवींमधून एकाला मानाचा शेला मिळेल आणि राणीच्या सल्लागारांत जागा मिळेल हो! तरुणांचं म्हणणं राज्याच्या कानावर पडलं पाहिजे!"

सगुणी हरखली. तिनं कमळावर एक देखणी कविता रचायला घेतली.

गावात मात्र कमळ फुलावं एवढंही पाणी उरलं नव्हतं. तळं गाळानं भरलं होतं. वरची आळी म्हणे, "गुरं खालच्या आळीची डुंबतात, गाळ त्यांनीच काढावा." खालची आळी म्हणे, "माती वरून वाहून येते, वरच्यांनीच काढावी." पाटलानं समजावलं, धाक दाखवला, पण कुणी कुदळीला हात लावला नाही.

एका सकाळी पाणी भरताना दोन बायकांची जुंपली. कुणाची तरी घागर फुटली. बघता बघता दोन्हीकडचे गडी काठ्या घेऊन धावले. सगुणी मध्ये शिरली.

"अहो काका, काठ्या कशाला? कुदळी आणा ना!"

वरच्या आळीचा तेली खेकसला, "तू आपली कविता कर, पोरी. गावचा कारभार तुला काय कळतो?"

तो शब्द सगुणीला लागला. घरी येऊन तिनं कमळाची कविता बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाबा, कमळ राहू द्या. मी गाळाचं गाणं करते."

"अगं, दरबारात चिखलाचं गाणं कोण ऐकणार?"

"दरबाराचं दरबारात बघू. आधी तळ्यावर चला."

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतले हे बापलेक तळ्यात उतरले. बाप कुदळ मारी, सगुणी पाटी भरी आणि मोठ्यानं गाई,

"पाटी भरली वरच्या आळीनं..."

एवढंच म्हणून ती थांबे. पुढची ओळ गातच नसे. काठावर खालच्या आळीची एक म्हातारी बसली होती, भागाई. तिला ते अर्धं गाणं काही सहन होईना.

"अगं ए, पुढं काय?"

"पुढची ओळ तुमच्या आळीची आहे, आजी. 'डोईवर घेतली खालच्या आळीनं!'"

भागाई खळखळून हसली. पदर खोचून खाली उतरली, पाटी डोक्यावर घेतली आणि ओळ ठणठणीत आवाजात म्हणून टाकली. तिच्यामागून तिच्या सुना आल्या. खालची आळी गाते म्हटल्यावर वरच्या आळीला कसं बसवेल? तीही उतरली. एकानं ओळ उचलायची, दुसऱ्यानं ती पुरी करायची. शेवटचं कडवं मात्र सगळे मिळून गात:

"गाळ कुणाचा? तुझा नि माझा,
तळ्याच्या काठी कुणी ना राजा!"

तेली सगळ्यांच्या शेवटी आला, पण सगळ्यांत जड पाट्या त्यानंच उचलल्या. उन्हाळा सरायच्या आत तळाचा दगड दिसू लागला, आणि पाऊस पडला तसं तळं काठोकाठ भरलं.

मग सगुणी राजधानीला गेली. देशभरातून तरुण कवी आले होते. कुणी राणीच्या पराक्रमावर रचलं होतं, कुणी तिच्या महालावर. सगुणीची पाळी यायच्या आधी प्रधानांनी तिचं गाणं ऐकून घेतलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मुली, गाणं फार छान आहे. शेला तुलाच मिळेल. फक्त ती शेवटची ओळ बदल. राणीसाहेबांच्या तोंडावर 'कुणी ना राजा' म्हणशील? 'तळ्याच्या काठी राणीच राजा' असं म्हण."

एवढ्या लांब आली होती. बाप दाराशी आशेनं उभा होता. एका ओळीचाच तर प्रश्न होता!

ती म्हणाली, "प्रधानजी, ही ओळ बदलली तर गाणं सुरेल राहील, पण खोटं होईल. या ओळीवर विश्वास ठेवून माझं गाव तळ्यात उतरलं. आता ती माझ्या एकटीची राहिली नाही. मला बदलता येणार नाही."

आणि भर दरबारात ती जशीच्या तशी गायली.

"तळ्याच्या काठी कुणी ना राजा!"

प्रधानांनी मान खाली घातली. राणी सिंहासनावरून पुढे झुकली.

"मग मी तुमच्या तळ्यावर आले, तर मला काय द्याल?"

सगुणी ठामपणे म्हणाली,

"पाटी देऊ, राणीसाहेब."

मग राणी हसली, अगदी मोकळी, आणि सारा दरबार हसला. राणी स्वतः पायऱ्या उतरून आली. मानाचा शेला तिनं आपल्या हातांनी सगुणीच्या खांद्यावर घातला.

"माझी स्तुती करणारे इथे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "माझ्यासमोर खरं बोलणारी आणि माणसं जोडणारी कवयित्री मला सल्लागार म्हणून हवी आहे. बोल, पहिला सल्ला काय?"

"शेजारच्या गावाचं तळंही गाळानं भरलंय, राणीसाहेब. या सगळ्या कवींना माझ्याबरोबर पाठवा."

पुढच्या उन्हाळ्यात त्या तळ्यात देशभरातले तरुण कवी गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांच्या रांगेत पदर खोचून राणीही उभी होती. सगुणीबरोबर आलेल्या भागाईनं तिच्या डोक्यावर पाटी ठेवली आणि दटावलं, "नीट धर गं बाई, सांडशील!" राणीनं पाटी नीट धरली, आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून गायली.

तात्पर्य: माणसं जोडणारी खरी ओळ मानासाठी मोडू नये, ती जपणाऱ्याला मान शोधत येतो.