हाकेला ओ

एका डोंगरात एक जमात राहायची. गाव नाही, घर नाही. दाट रानातल्या गुहा हाच त्यांचा संसार. खालच्या राजाचे शिपाई यायचे आणि धडधाकट माणसं वेठीला धरून न्यायचे. नेलेला माणूस पुन्हा कधी दिसायचा नाही. म्हणून बिचारे लपून राहत.

लपण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं! चालायचं ते ओढ्यातून, म्हणजे पाऊल उमटत नाही. वाटेवर मोडलेली फांदीसुद्धा उचलून टाकायची. त्यांचा म्होरक्या होता धावजी. त्याचा सगळ्यांत कडक नियम असा, की बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. मग ती कुणाचीही असो. शिपाई ओळखीचा आवाज काढून फसवतात, असं तो म्हणे. "आपली गुहा यमालासुद्धा सापडायची नाही," हे त्याचं पालुपद.

एकदा भर पावसाळ्यात धावजी एकटाच कंद खणायला गेला. दुपारी असं धुकं उतरलं, की चार हातांवरचं झाड दिसेना. वाट शोधायला खूण हवी ना? खुणा तर त्यानंच सकाळी निघताना पुसलेल्या! म्हातारा गरगर फिरला, घसरला, पाय मुरगळून कड्याच्या टोकाशी अडकला. शेवटी जीव खाऊन ओरडू लागला.

गुहेत हाक ऐकू आली. सगळे चिडीचूप. आवाज बसलेला, वाऱ्यानं फाटलेला. कुणाचा ते कळेना.

"मामंजी अजून आले नाहीत," धावजीची सून सुकरी म्हणाली.

"त्यांचाच नियम आहे, बाई," कुणीतरी तिला अडवलं. " शिपाई असले म्हणजे? आम्हा सगळ्यांना बुडवशील!"

"शिपाई असले तर मी एकटी सापडेन. गुहेची वाट मेले तरी दाखवणार नाही. पण कुणी अडलेला असला, तर तो जगेल."

तिनं दोर खांद्यावर टाकला आणि बाहेर पडली. हाक आली की मोठ्यानं ओ द्यायची आणि आवाजाच्या रोखानं पुढे सरकायची.

कड्याशी धावजी भेटला. दोर कमरेला बांधून घेता घेता म्हातारा गुरकावला, "नियम मोडलास!"

"मोडला. आता घरी चला."

धुकं विरल्यावर दोघं परतली. गुहेत सगळे वाट बघत होते, सुनेला काय शिक्षा होते याची. धावजीनं पाय शेकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आजपासून हाक आली की ओ द्यायची."

"आणि शिपाई असले तर?"

"तरी ओ द्यायची. मात्र काठ्या घेऊन सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. सुकरीसारखं एकटीनं नाही."

तात्पर्य: नियम माणसाला जगवण्यासाठी असतो, तोच कुणाच्या जिवावर उठला, तर तो मोडायची हिंमत दाखवावी.