बुधीचा पट्टा

कळमदऱ्याच्या काळ्या कड्याच्या मधोमध एक हिरवी रेघ आहे. तिथे वाट जात नाही, शेळीही चढत नाही. पावसाळ्यात ती रेघ इतकी गर्द होते, की खालून जाणारा परका माणूस थबकतोच. मग वाडीतले धावजीबाबा मेंगाळ त्याला सांगतात, ती सफेद मुसळी आहे, आणि ती आपोआप उगवलेली नाही.

गडावर कुणा सरदाराचा अंमल होता, तेव्हाची गोष्ट. खाली ठाकरांच्या वाडीत बुधी नावाची सुईण राहायची. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मुसळीची मुळी शिजवून घालायची. तिच्या हातचं पोर दुधावाचून कधी रडलं नाही, असं सांगतात. मुसळी तेव्हा अख्ख्या माळावर होती.

या मुळीने अंगात घोड्याचं बळ येतं, असं सरदाराच्या कानावर गेलं. हुकूम सुटला. माळ खणा, मुळ्या गडावर आणा, लागवडही गडाच्या बागेतच करा, आणि मागे उरेल त्याला आग लावा. मुसळी एकट्या सरदाराची झाली पाहिजे.

हवालदार शिपाई घेऊन उतरला. काठ्यांच्या धाकाने वाडीने माळ खणला. बुधीही खणायला बसली. पण मुसळी उगवते ती मुळीच्या डोक्यातून, म्हणजे कोंब फुटतो त्या वरच्या गड्ड्यातून, नुसत्या मुळीतून नाही, हे शिपायांना कुठलं ठाऊक. बुधी प्रत्येक झाडाचं डोकं एका मुळीसकट मोडून आपल्या टोपलीत टाकत गेली. बाकीच्या मुळ्या शिपायांच्या पोत्यात. टोपली भरली तशी ती डोक्यावर घेऊन, मध काढणाऱ्यांनी कड्याला ठोकलेल्या खुंट्यांवरून ती वर चढली. खालच्यांचं लक्ष गेलं, तेव्हा ती कड्यातल्या चिंचोळ्या पट्ट्यावर बसून माती उकरत होती.

"म्हातारे, ती टोपली खाली टाक," हवालदार ओरडला.

"मुळ्या दिल्या तुझ्या सरदाराला," बुधी म्हणाली. "डोकं देणार नाही."

वर चढायची एकाही शिपायाची छाती झाली नाही. हवालदाराने हात पुरेल तिथवरच्या खुंट्या तोडवल्या, कड्याच्या माथ्यावर पहारा बसवला. भूक लागली की उतरायला गयावया करेल, असा त्याचा हिशेब.

हिवाळा सरत आला होता. खडकातल्या पाझरावर बुधीची तहान भागत होती. अन्न मात्र नव्हतं. होतं ते तिने स्वतः पेरलेलं. रोज सकाळी ती वरून हाक घालायची, म्हणजे वाडीला कळायचं, आहे. हाक बारीक होत चालली, तसा तिचा मुलगा गोमा कड्याखाली येऊन उभा राहिला.

"आये, त्यातल्या चार मुळ्या खा ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली. "ह्या खायच्या नाहीत रे. तुझ्या सुनांसाठी आहेत."

गोमाचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

हवालदारानेही पुन्हा विचारून पाहिलं. टोपली दे, शिडी लावतो. बुधीने उत्तरादाखल रिकामी टोपली खाली भिरकावली. ती त्याच्या पायाशी पडली म्हणे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हाक थांबली.

मृगात पाऊस लागला. ओढे फुगले, पहारे उठले. गोमा माथ्यावरून दोर सोडून पट्ट्यावर उतरला. तिथे बुधी नव्हती. हाडही नव्हतं. कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुसळीची पाती तरारली होती, टोपलीत मावली होती त्याच्या कितीतरी पट. गडाच्या बागेत त्या साली काहीच उगवलं नाही.

गोमाने तिथली रोपं आणून जळालेल्या माळावर लावली. आज मुसळी आहे ती त्यातलीच.

आजही या भागात मुसळी खणणारा माणूस मुळ्या घेतो आणि डोकं जागच्या जागी मातीत दडपतो. बाजारात व्यापारी त्याला डोक्यांसकट माल मागतो, वाढीव भाव सांगतो. वाडीतली बाई पाटी उचलते आणि म्हणते, "मुळी घ्यायची तर घ्या. डोकं आम्ही देत नाही."